उष्णकटिबंधीय परजीवी रोगांचे विनाछेद निदान : शक्यता, मर्यादा आणि निवडीचे निकष

सारांश

हिवताप, काळा आजार, हत्तीरोग व शिस्टोसोमियासिस या परजीवीजन्य रोगांपैकी बहुतेकांचे निदान आजही रक्त अथवा अवयवातील द्रव काढून केले जाते. गेल्या काही दशकांत लघवी, लाळ, उच्छ्वास व शरीरगंध यांच्या आधारे सुईविना निदान करण्याचे अनेक प्रयत्न झाले. प्रस्तुत लेखात या प्रयत्नांमागील जीवशास्त्रीय तत्त्व स्पष्ट केले असून, कोणत्या रोगात ते यशस्वी ठरले व कोणत्या रोगात अपुरे पडले याचा आढावा घेतला आहे. विनाछेद चाचणीचे खरे महत्त्व रुग्णाच्या सोयीपुरते मर्यादित नसून ते रोगनिर्मूलनाच्या अखेरच्या टप्प्याशी निगडित आहे. मात्र याच टप्प्यावर तिच्या मर्यादाही सर्वाधिक जाचक ठरतात, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : परजीवी, विनाछेद चाचणी, प्रतिजन, प्रतिपिंड, संवेदनशीलता, विशिष्टता, रोगनिर्मूलन

१. प्रस्तावना

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील जुन्या पिढीला नारू हा रोग चांगलाच परिचित होता. पायाच्या त्वचेतून बाहेर येणारा पांढरा, दोऱ्यासारखा कृमी पाहून घरातील अशिक्षित वृद्धाही या रोगाचे अचूक निदान करीत असे. भारतात नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतास नारूमुक्त घोषित केले. या यशामागे पिण्याचे पाणी गाळणे, पायऱ्यांच्या विहिरींत सुधारणा करणे अशी अनेक कारणे आहेत. तथापि, त्यांपैकी एका कारणाकडे सहसा लक्ष जात नाही. नारूचा रुग्ण डोळ्यांनी ओळखता येत होता. त्यासाठी ना सुई लागत होती, ना सूक्ष्मदर्शक.

इतर परजीवींच्या बाबतीत निसर्गाने ही सवलत दिलेली नाही. हिवतापाचा परजीवी तांबड्या रक्तपेशीत राहतो, काळ्या आजाराचा परजीवी प्लीहा, यकृत व अस्थिमज्जेतील पेशींत वस्ती करतो, तर हत्तीरोगाचे प्रौढ कृमी लसिकावाहिन्यांत वर्षानुवर्षे जगतात. बाहेरून धडधाकट दिसणारी व्यक्तीही या परजीवींची वाहक असू शकते. अशा व्यक्तीचा शोध घ्यायचा तर आजवर तिच्या शरीरात सुई घालणे हाच मुख्य मार्ग होता. हा मार्ग टाळता येईल काय, आणि टाळला तर त्याची कोणती किंमत मोजावी लागेल, हे दोन प्रश्न प्रस्तुत लेखाच्या केंद्रस्थानी आहेत.

२. संकल्पना

ज्या तपासणीसाठी त्वचेस छेद द्यावा लागत नाही आणि शरीराच्या पोकळीत कोणतेही उपकरण घालावे लागत नाही, तिला वैद्यकीय परिभाषेत नॉन-इन्व्हेजिव्ह तपासणी म्हणतात. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी ‘विनाछेद चाचणी’ ही संज्ञा योजिली आहे. या व्याख्येनुसार लघवी, विष्ठा, लाळ, थुंकी, घाम व उच्छ्वास यांची तपासणी विनाछेद ठरते. सोनोग्राफीसारखी प्रतिमातंत्रेही याच वर्गात मोडतात.

येथे एक भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. बोटाच्या टोकातून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर होणारी शीघ्र चाचणी सोपी व स्वस्त असली, तरी ती काटेकोर अर्थाने विनाछेद नव्हे. उलटपक्षी, विष्ठेची सूक्ष्मदर्शकीय तपासणी शंभराहून अधिक वर्षे प्रचारात आहे आणि ती पूर्णतः विनाछेद आहे. म्हणजेच ‘विनाछेद’ हा शब्द ‘आधुनिक’ या शब्दाचा पर्याय नाही. चाचणीसाठी नमुना कोठून व कसा मिळवला, एवढेच तो सांगतो. चाचणीचा निष्कर्ष कितपत विश्वसनीय आहे, हे तो सांगत नाही. या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे वृत्तपत्रांतून अनेकदा अवास्तव अपेक्षा निर्माण होतात.

३. प्रचलित निदान आणि त्याची किंमत

फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हरान यांनी १८८० साली अल्जेरियात रुग्णाच्या रक्तात हिवतापाचे परजीवी पाहिले. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबाद येथे डासाच्या जठरभित्तीत त्यांच्या वाढीची अवस्था शोधली. तेव्हापासून काचपट्टीवर पसरलेले व रंगवलेले रक्त हाच हिवतापाच्या निदानाचा आधार राहिला आहे. ही पद्धत उत्तम आहे. परंतु तिला प्रशिक्षित डोळे, चांगला सूक्ष्मदर्शक आणि वेळ लागतो. आज गावपातळीवर वापरली जाणारी शीघ्र चाचणी यांपैकी बऱ्याच अडचणी दूर करते, तरी रक्ताचा थेंब तिलाही लागतोच.

हत्तीरोगाची अडचण वेगळ्या स्वरूपाची आहे. वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टी या कृमीची सूक्ष्म पिल्ले, म्हणजे मायक्रोफायलेरिया, दिवसा फुप्फुसांतील वाहिन्यांत राहतात आणि रात्री परिघीय रक्तात उतरतात. रोगवाहक क्युलेक्स डास ज्या वेळी चावतो, त्या वेळेशी हा क्रम जुळलेला असतो. परिणामी रक्तनमुने रात्रीच घ्यावे लागतात. नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या पूर्व विदर्भातील जिल्ह्यांत आरोग्य कर्मचाऱ्यांनी रात्री दारोदार फिरून लोकांना झोपेतून उठवावे आणि त्यांच्या बोटाला सुई टोचावी, ही या रोगाच्या सर्वेक्षणाची रूढ पद्धत आहे. दिवसभर शेतात राबलेल्या आणि स्वतःला कोणताही त्रास नसलेल्या माणसाने या प्रकारास नकार दिला, तर त्याला दोष देता येणार नाही.

छेदाची किंमत सर्वाधिक स्पष्टपणे दिसते ती काळ्या आजारात. विल्यम लीशमन व चार्ल्स डोनोव्हन यांनी १९०३ साली या रोगाच्या परजीवीचे स्वतंत्रपणे वर्णन केले. या परजीवीचा प्रत्यक्ष पुरावा मिळवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे प्लीहेत सुई घालून द्रव काढणे. या पद्धतीची संवेदनशीलता ९३ ते ९९ टक्के इतकी आहे. परंतु प्लीहा हा रक्ताने भरलेला अवयव असल्याने अंतर्गत रक्तस्रावाचा धोका राहतो आणि सुमारे हजारात एका तपासणीत तो प्राणघातक ठरू शकतो. त्यामुळे ही तपासणी अनुभवी डॉक्टर, रक्त गोठण्याच्या चाचण्या व रक्तपेढी उपलब्ध असेल तेथेच करता येते. जो रोग प्रामुख्याने मातीच्या घरांत राहणाऱ्या निर्धन लोकांना होतो, त्याच्या निदानासाठी सुसज्ज रुग्णालय लागावे, ही विसंगती दीर्घकाळ कायम होती.

४. परजीवीची खूण शरीराबाहेर कशी येते?

विनाछेद चाचणीचे तत्त्व एका वाक्यात मांडता येईल : परजीवी शरीरात खोल दडलेला असला तरी त्याची काहीतरी खूण शरीराबाहेर पडत असते. ही खूण चार प्रकारची असू शकते. पहिली, परजीवीची अंडी अथवा पिल्ले. दुसरी, परजीवीने सोडलेले रेणू, म्हणजेच प्रतिजन किंवा त्याच्या डीएनएचे तुकडे. तिसरी, परजीवीविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे. चौथी, संसर्गामुळे शरीराच्या रसायनशास्त्रात झालेला बदल, उदाहरणार्थ श्वासातील बाष्पशील संयुगे. पहिल्या दोन खुणा थेट परजीवीच्या आहेत; उरलेल्या दोन यजमान देहाच्या प्रतिक्रियेशी निगडित आहेत. हा फरक पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरेल.

४.१ शिस्टोसोमियासिस

विनाछेद निदानासाठी सर्वांत अनुकूल असा रोग म्हणून शिस्टोसोमियासिसचे नाव घ्यावे लागेल. थिओडोर बिलहार्झ यांनी १८५१ साली कैरो येथे या कृमीचा शोध लावला. या रोगाचा मुख्य भार आज आफ्रिका खंडावर आहे. गोड्या पाण्यातील गोगलगायींतून बाहेर पडणाऱ्या अळ्या त्वचेतून माणसाच्या शरीरात शिरतात. शिस्टोसोमा हिमॅटोबियम ही जाती मूत्राशयाभोवतीच्या शिरांत राहते आणि तिची अंडी लघवीवाटे बाहेर पडतात. दुपारच्या सुमारास त्यांचे प्रमाण अधिक असते. म्हणून साधारणतः सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळेत लघवी घेऊन, तिचे १० मिलिलिटर गाळून, गाळणीवर राहिलेली अंडी सूक्ष्मदर्शकाखाली मोजली जातात.

या रोगाचा महाराष्ट्राशीही एक संबंध आहे, याची माहिती फार थोड्यांना असते. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमियासिसचे स्थानिक केंद्र असल्याचे गाडगीळ व शाह यांनी १९५२ साली प्रसिद्ध केले. भारतात हा रोग स्थानिक पातळीवर पसरत नाही, अशी समजूत त्या काळी रूढ होती. ती मोडणारा पुरावा रुग्णांच्या लघवीतील अंड्यांनी दिला, ही बाब या लेखाच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

शिस्टोसोमा मॅन्सोनी ही दुसरी जाती आतड्याभोवतीच्या शिरांत राहते. तिच्यासाठी काटो-काट्झ पद्धतीने सुमारे ४१.७ मिलिग्रॅम विष्ठा तपासली जाते. इतक्या अल्प नमुन्यात सौम्य संसर्गाची अंडी सापडतीलच असे नाही. या ठिकाणी प्रतिजनाचा उपयोग झाला. प्रौढ कृमी रक्त पचवून उरलेले पदार्थ ओकून टाकतो. त्यांतील एक शर्करायुक्त प्रतिजन मूत्रपिंडातून गाळला जाऊन लघवीत उतरतो. या प्रतिजनावर आधारित पट्टी-चाचणी लघवीच्या काही थेंबांवर सुमारे वीस मिनिटांत निष्कर्ष देते आणि मॅन्सोनीच्या सर्वेक्षणासाठी आफ्रिकेत ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली आहे. कृमी मेल्यावर प्रतिजन काही आठवड्यांत नाहीसा होतो. त्यामुळे उपचाराचा परिणामही तपासता येतो. मात्र हीच चाचणी हिमॅटोबियमच्या निदानासाठी समाधानकारक ठरत नाही. शिवाय पट्टीवरील अत्यंत फिकट रेषा होकारार्थी धरावी की नकारार्थी, याविषयी मतभेद आहेत. नेदरलँडमधील लायडन विद्यापीठात विकसित झालेली दुसऱ्या एका प्रतिजनावरील चाचणी अधिक संवेदनशील असून ती सर्व शिस्टोसोमा जातींना लागू पडते. पण तिला प्रयोगशाळेतील यंत्रणेची जोड लागत आली आहे.

४.२ काळा आजार

काळ्या आजारात प्लीहेतील सुईची गरज मोठ्या प्रमाणावर कमी केली ती आरके-३९ या शीघ्र चाचणीने. बोटातील रक्ताच्या थेंबावर होणारी ही चाचणी भारतीय उपखंडात प्रभावी ठरली. बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल व उत्तर प्रदेश या राज्यांतील काळा आजार निर्मूलन कार्यक्रमात तिचा मोठा वाटा आहे. बांगलादेशाला २०२३ साली सार्वजनिक आरोग्य समस्या म्हणून या रोगाच्या निर्मूलनाची जागतिक मान्यता मिळाली. भारतानेही २०२३ अखेर तालुकासदृश गट पातळीवर दहा हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठले.

परंतु आरके-३९ प्रतिपिंडे शोधते आणि प्रतिपिंडे म्हणजे शरीराची स्मृती होय. रुग्ण बरा झाल्यानंतरही ती दीर्घकाळ टिकतात. त्यामुळे आज ताप आलेल्या जुन्या रुग्णास रोग उलटला आहे की त्याचा ताप अन्य कारणाने आहे, हे ती सांगू शकत नाही. हीच प्रतिपिंडे लघवीत वा लाळेत शोधली तरी हा दोष राहतोच. सुई गेली, संदिग्धता गेली नाही, असे याचे वर्णन करता येईल.

यावर उपाय म्हणून लघवीतील परजीवीचा प्रतिजन शोधणारी लॅटेक्स चाचणी पुढे आली. उपचारानंतर प्रतिजन कमी होत असल्याने ती तत्त्वतः अधिक उपयुक्त आहे. एचआयव्हीचा सहसंसर्ग असलेल्या, म्हणजे ज्यांचे शरीर पुरेशी प्रतिपिंडे तयार करू शकत नाही अशा रुग्णांत तिचे महत्त्व विशेष आहे. तथापि, या चाचणीसाठी लघवी उकळून घ्यावी लागते, फिकट निष्कर्ष वाचणे कठीण जाते आणि तिची संवेदनशीलता प्रदेशागणिक बदलते. परिणामी ती नित्याच्या वापरात स्थिरावली नाही.

४.३ हत्तीरोग

हत्तीरोगात रात्रीच्या रक्तनमुन्यास पर्याय म्हणून प्रौढ कृमीचा प्रतिजन शोधणारी पट्टी-चाचणी आली. प्रतिजन रक्तात दिवसरात्र असतो, म्हणून कर्मचारी दिवसा जाऊ शकतो. येथेही बोट टोचावे लागते. परंतु झोपमोड टळते. लघवीच्या बाबतीत उल्लेखनीय कार्य जपानी व श्रीलंकन संशोधकांनी केले. इतो व सहकाऱ्यांनी २००१ साली लघवीतील विशिष्ट प्रतिपिंडे मोजण्याची एलायझा पद्धत प्रसिद्ध केली. शाळकरी मुलांची लघवी गोळा करणे रक्त घेण्यापेक्षा कितीतरी सुलभ असते. शिवाय लहान मुलांत प्रतिपिंडे आढळली, तर त्या परिसरात अलीकडच्या काळात संक्रमण झाले असावे असा तर्क करता येतो. वृद्धाच्या बाबतीत जी स्मृती संदिग्ध ठरते, तीच सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत बोलका पुरावा ठरते. श्रीलंकेला २०१६ साली हत्तीरोग निर्मूलनाची मान्यता मिळाली; भारताने यासाठी २०२७ हे लक्ष्यवर्ष ठरवले आहे.

सोनोग्राफीचा उपयोगही येथे नमूद करणे उचित होईल. ब्राझीलमधील रेसिफे येथील संशोधकांनी १९९४ साली पुरुषांच्या वृषणकोशातील लसिकावाहिन्यांत जिवंत प्रौढ कृमींची वळवळ सोनोग्राफीच्या पडद्यावर दाखवून दिली. या दृश्यास ‘फायलेरिया नृत्य’ असे नाव मिळाले. औषधोपचारानंतर ही हालचाल थांबली की नाही, हे पाहून प्रौढ कृमी मेला का याचा अंदाज बांधता येतो. पण स्त्रियांत ही खूण सहजासहजी सापडत नाही, म्हणून सर्वेक्षणाचे साधन म्हणून तिचा उपयोग मर्यादित आहे.

४.४ हिवताप

हिवतापाच्या विनाछेद निदानाचे प्रयत्न सर्वाधिक वैविध्यपूर्ण आहेत. झांबियातील संशोधकांनी २००६ साली रुग्णांच्या लघवीत व लाळेत प्लास्मोडियम फाल्सिपॅरमचा डीएनए पीसीआर तंत्राने शोधून दाखवला. नायजेरियात लघवीतील एचआरपी-२ या प्रथिनावर आधारित पट्टी-चाचणी २०१५ साली बाजारात आली. ही कल्पना आकर्षक असली तरी भारतीय संदर्भात तिला मूलभूत मर्यादा आहे. एचआरपी-२ हे प्रथिन फाल्सिपॅरमच निर्माण करतो. भारतात मोठ्या प्रमाणावर आढळणारा प्लास्मोडियम व्हायवॅक्स ते निर्माण करीत नाही. पेरू, इरिट्रिया इत्यादी देशांत तर या प्रथिनाचे जनुकच गमावलेले फाल्सिपॅरम परजीवी आढळले आहेत. ज्या खुणेवर चाचणी विसंबते, ती खूणच परजीवीने टाकून दिली तर चाचणी निरुपयोगी होते, मग नमुना रक्ताचा असो वा लघवीचा.

लाळेच्या संदर्भात २०१९ साली एक महत्त्वाचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. परजीवीच्या लैंगिक अवस्थेशी, म्हणजे डासाकडे संसर्ग पोहोचवणाऱ्या अवस्थेशी निगडित असलेले प्रथिन लाळेत मोजता येते, असे त्यात दाखवण्यात आले. लक्षणे नसलेले परंतु इतरांना संसर्ग देऊ शकणारे वाहक शोधणे हा त्यामागील हेतू होता. श्वासाच्या बाबतीत मलावीतील ३५ तापग्रस्त मुलांवर झालेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. उच्छ्वासातील सहा संयुगांच्या आधारे सुमारे ८३ टक्के अचूकतेने बाधित व अबाधित मुले वेगळी ओळखता आली. त्यांत डासांना आकर्षित करणाऱ्या टर्पीन वर्गातील संयुगांचाही समावेश होता. गांबियातील मुलांनी घातलेले मोजे प्रशिक्षित कुत्र्यांना हुंगायला देऊन केलेल्या प्रयोगात (२०१९) बाधित नमुन्यांपैकी सुमारे ७० टक्के आणि अबाधित नमुन्यांपैकी सुमारे ९० टक्के कुत्र्यांनी अचूक ओळखले.

आणखी एक मार्ग प्रकाशाचा आहे. परजीवी हिमोग्लोबिन पचवताना हिमोझोइन नावाचे काळसर स्फटिक साठवतो. त्वचेवरून सोडलेल्या लेसर किरणांनी हे स्फटिक तापतात आणि त्यातून निर्माण होणारे ध्वनिसंकेत बाहेरून टिपता येतात. अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या गटाने २०१४ साली या दिशेने प्रात्यक्षिक दाखवले. त्यानंतर कॅमेरूनमधील रुग्णांवर अशा उपकरणाची चाचणी झाली असून तिचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. ही सर्व संशोधने आश्वासक आहेत. परंतु ती लहान समूहांवरील आहेत आणि गावातील आशा कार्यकर्तीच्या पिशवीपर्यंत अद्याप पोहोचलेली नाहीत.

५. अखेरच्या टप्प्याचे गणित

येथपर्यंतच्या विवेचनावरून विनाछेद चाचणीचे महत्त्व केवळ वेदना टाळण्यात आहे, असा समज होण्याची शक्यता आहे. वस्तुतः ते अधिक खोल आहे. रोग विपुल असतो तेव्हा आजारी माणूस स्वतः दवाखान्यात येतो आणि सुईला हरकत घेत नाही. रोग विरळ होतो तेव्हा परिस्थिती उलटते. उरलेले मोजके वाहक शोधण्यासाठी हजारो निरोगी माणसांना तपासणीची विनंती करावी लागते. त्यांचा सहकार हीच तेव्हा सर्वांत दुर्मीळ वस्तू ठरते. दहा घरांपैकी दोन घरांनी दार लावून घेतले आणि अखेरचा वाहक त्याच दोन घरांत असला, तर बाकी आठ घरांतील अचूक चाचण्यांनी निर्मूलन साधत नाही. या अर्थाने नमुना घेण्याची सुलभता हा चाचणीच्या गुणवत्तेचाच भाग आहे. विकसनशील देशांतील चाचण्यांसाठी ‘ॲशुअर्ड’ या नावाने परिचित असलेल्या निकषांत २०१९ साली भर घालण्यात आली, तेव्हा नमुना घेण्याची सुलभता हा निकष त्यात समाविष्ट झाला, हे येथे नोंदवावे लागेल.

परंतु याच टप्प्यावर गणित विनाछेद चाचणीच्या विरुद्ध उभे राहते. लघवी, लाळ वा श्वासात पोहोचणारी खूण रक्तातील खुणेपेक्षा सामान्यतः विरळ असते. पुढील उदाहरण केवळ स्पष्टीकरणार्थ घेतले आहे. समजा, एका चाचणीची संवेदनशीलता ९० टक्के आहे, म्हणजे १०० बाधितांपैकी ९० जणांना ती ओळखते. आणि विशिष्टता ९८ टक्के आहे, म्हणजे १०० अबाधितांपैकी ९८ जणांना ती योग्य रीतीने वगळते. दहा हजार लोकांच्या गावात १० टक्के, म्हणजे १,००० लोक बाधित असतील, तर चाचणी ९०० बाधितांना ओळखेल आणि ९,००० अबाधितांपैकी १८० जणांना चुकीने बाधित ठरवेल. होकारार्थी निष्कर्ष आलेल्या १,०८० जणांपैकी सुमारे ८३ टक्के खरोखर बाधित असतील. आता त्याच गावात रोग घटून केवळ १० लोक बाधित उरले आहेत असे मानू. तीच चाचणी त्यांपैकी ९ जणांना ओळखेल. परंतु ९,९९० अबाधितांपैकी सुमारे २०० जणांनाही ती बाधित ठरवेल. होकारार्थी निष्कर्षांपैकी केवळ ४ टक्क्यांच्या आसपास खरे असतील.

चाचणी बदललेली नाही. तिच्या भोवतीचे जग बदलले आहे. जी चाचणी रोगाच्या भरात उपयुक्त होती, ती निर्मूलनाच्या उंबरठ्यावर दिशाभूल करू शकते. म्हणून या टप्प्यावर दोन पायऱ्यांची रचना इष्ट ठरते. प्रथम सर्वांसाठी सुलभ अशी विनाछेद चाचणी, आणि तिच्यात होकारार्थी आलेल्या मोजक्यांसाठी रक्तावरील अधिक काटेकोर चाचणी. वरील उदाहरणात दहा हजार सुयांऐवजी सुमारे दोनशे सुया पुरतात. सुई पूर्णतः नाहीशी होत नाही. ती योग्य माणसापर्यंत मर्यादित होते. मात्र पहिल्या पायरीवर निसटलेला एक बाधित दुसऱ्या पायरीवर सापडत नाही, हेही विसरता येत नाही. म्हणूनच पहिल्या पायरीची संवेदनशीलता शक्य तितकी उच्च असावी लागते.

घाईने काढलेल्या निष्कर्षाचे एक उदाहरण ऑन्कोसर्कायसिस या आफ्रिकेतील नेत्ररोगाचे आहे. त्याच्या निदानासाठी त्वचेचे सूक्ष्म तुकडे काढावे लागतात. २०१३ साली लघवीतील एक संयुग या रोगाची खूण म्हणून प्रसिद्ध झाले आणि त्याचे मोठे स्वागत झाले. परंतु २०१६ साली अन्य संशोधकांनी केलेल्या मूल्यमापनात त्याची निदानक्षमता मर्यादित असल्याचे दिसून आले. प्रयोगशाळेत सापडलेली खूण आणि गावात वापरण्याजोगी चाचणी यांच्यातील अंतर यावरून ध्यानात यावे.

६. सामाजिक बाजू

सुई नाही म्हणजे संकोच नाही, असे मानणे चुकीचे ठरेल. विष्ठेचा डबा भरून देणे अनेकांना रक्त देण्यापेक्षा अधिक लाजिरवाणे वाटते. ज्या शाळेत स्वच्छतागृहाला दार नाही, तेथे किशोरवयीन मुलीकडून लघवीचा नमुना मागणे हा तिच्या दृष्टीने छेदच आहे. मासिक पाळीच्या काळात लघवीतील रक्तामुळे शिस्टोसोमियासिसच्या रक्तपट्टीचा निष्कर्ष चुकू शकतो. हे विचारण्याचे धैर्य व सौजन्य तपासनिसाकडे असावे लागते. उलट, रक्त काढण्याविषयीची भीतीही निव्वळ अज्ञान म्हणून झिडकारता येत नाही. वारंवार रक्त नेले जाते परंतु निष्कर्ष कोणी कळवत नाही, असा अनुभव आलेल्या वस्तीचा अविश्वास तर्कसंगत असतो. लाळ गोळा करणाऱ्या कर्मचाऱ्यानेही निष्कर्ष कळवला नाही, तर तो अविश्वास तसाच राहील.

संमतीचा प्रश्नही येथे सूक्ष्म होतो. रक्त घेताना माणसाला विचारावेच लागते. श्वास वा शरीरगंध मात्र नकळतही टिपता येईल. तपासणी जितकी अलगद, तितकी संमतीची जबाबदारी अधिक, हा विचार या तंत्रांबरोबरच रुजवणे आवश्यक आहे.

७. समारोप

उपरोक्त विवेचनावरून विनाछेद चाचणीची निवड करताना चार प्रश्न विचारावेत असे सुचवता येईल. पहिला, ही चाचणी परजीवीची खूण शोधते की शरीराची स्मृती? दुसरा, ज्या प्रदेशात ती वापरायची आहे, तेथील परजीवीची जाती ही खूण निर्माण करते काय? तिसरा, त्या प्रदेशात रोगाचे प्रमाण किती आहे आणि त्या प्रमाणात होकारार्थी निष्कर्षाचा अर्थ काय होतो? चौथा, मागितलेला नमुना तेथील लोकांना देता येण्याजोगा आहे काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे प्राणिशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्र देईल, तिसऱ्याचे संख्याशास्त्र आणि चौथ्याचे समाजशास्त्र. यांपैकी कोणत्याही एका विद्याशाखेला हा विषय एकटीने पेलता येणार नाही.

महाविद्यालयीन स्तरावर या विषयाची मांडणी करण्यास मोठा वाव आहे. दोन पायऱ्यांच्या चाचणीचे गणित संख्याशास्त्राच्या वर्गात सहज शिकवता येते. हत्तीरोगप्रवण जिल्ह्यांतील राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत, लोक तपासणीस नकार का देतात याची नोंद विद्यार्थी शिस्तीने घेऊ शकतात. अशी नोंद आरोग्य यंत्रणेस चाचणीच्या खोक्याइतकीच उपयुक्त ठरेल. नारूचा पुरावा आपणहून त्वचेबाहेर आला होता. उरलेल्या परजीवींचा पुरावा लघवीत, लाळेत वा श्वासात शोधावा लागेल. परंतु तो शोधण्याआधी, ज्याच्या देहात तो आहे त्या माणसाने दार उघडणे आवश्यक आहे.